मधुर जाफरींच्या आईची पत्रं आणि तुमच्या आईचे फोन

तुम्ही लिहिलंय की लग्न होऊन मिशिगनला आलात तेव्हा वरणभात आणि चहा यापलीकडे काही येत नव्हतं. चार वर्षं आईला फोन करकरून शिकलात, आणि आता आईच्या घरच्या जेवणावर इंग्रजीत पुस्तक लिहायचं मनात आहे. भारतीय स्वयंपाकावर इंग्रजीत पुस्तकं लिहिणाऱ्या अभिनेत्री मधुर जाफरी यांचं उदाहरण देऊन तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: त्यांना जमलं ते नशिबानं का, फोनवर स्वयंपाक शिकलेल्या बाईला लिहायचा अधिकार कुठला, आणि यावर पोट चालतं का. शेवटी जाता जाता विचारलंय, 'फोडणी'ला इंग्रजीत काय म्हणायचं? हा चौथा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

मी सव्वीस वर्षं पाककृतींचं संपादन करते आहे. लेखिकेनं पाठवलेला पदार्थ स्वतः करून बघायचा, कुठे फसतो ते शोधायचं, आणि वाचणाऱ्याच्या घरी तो जमेल अशा शब्दांत कृती पुन्हा लिहायची, असं हे काम. त्यातली सात वर्षं न्यू जर्सीत गेली, त्यामुळे तुमच्या स्वयंपाकघरातल्या अडचणी मला ओळखीच्या आहेत.

आधी अधिकाराचं बोलू. जाफरींचा जन्म १९३३चा, दिल्लीतल्या माथुर कायस्थ कुटुंबातला. यमुनेजवळ आजोबांचं मोठं घर, जेवायला तीस-चाळीस माणसं. घरात स्वयंपाकी होते, पोरींना चुलीपाशी बसायची गरज पडत नव्हती. त्या दिल्लीच्या मिरांडा हाउस कॉलेजमधून इंग्रजी घेऊन बी.ए. झाल्या, आकाशवाणीत काम केलं, दिल्लीच्या नाट्यवर्तुळात वावरल्या आणि १९५५ साली नाटक शिकायला लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टमध्ये गेल्या. तेव्हा त्यांना स्वयंपाक येत नव्हता, हे त्यांनी अनेकदा सांगितलंय. अकॅडमीच्या उपाहारगृहातलं करड्या रंगाचं मांस आणि पाण्यात उकडून मेलेला कोबी खाऊन जीव मेटाकुटीला आला, तेव्हा त्यांनी आईला लिहिलं: मला शिकव. आईनं हिंदीत, हवाई टपालाच्या पातळ कागदावर, दोन-चार ओळींच्या कृती लिहून पाठवल्या.

या दोन-चार ओळींपाशी जरा थांबा, कारण पुढची सगळी कारकीर्द तिथून निघाली आहे. आई मुलीला लिहिते तेव्हा ती निम्मं गाळते. जिरं टाक, बटाटे टाक, परत, झालं. तेल किती तापवायचं, जिऱ्याचा रंग कुठवर न्यायचा, झाकण ठेवायचं की नाही, हे आईच्या हाताला माहीत असतं, तिच्या तोंडी येत नाही. ते गाळलेलं निम्मं मुलीनं भरून काढायचं असतं, आणि त्यासाठी तिच्यापाशी एकच माप असतं: जिभेवर राहिलेली चव. कच्चं लागलं, पुन्हा करा. जळकं लागलं, आच कमी करा. आईच्या हातासारखं लागलं की थांबा आणि काय केलं ते लिहून ठेवा. उत्तम स्वयंपाक करणाऱ्या, जन्मभर ओट्यापाशी उभ्या राहिलेल्या सुगरणींच्या पाककृती मी शेकड्यांनी तपासल्या आहेत आणि त्यात सर्वांत जास्त खाचखळगे असतात. त्या एखादी पायरी सोडून देतात, कारण ती पायरी आहे हेच त्यांना जाणवत नाही. तुम्हाला प्रत्येक पायरी विचारावी लागली. 'सात-आठ शिट्ट्या म्हणजे किती मिनिटं गं?' हा प्रश्न ज्या बाईला पडला, तीच नवख्या माणसासाठी लिहू शकते. तुमचा अधिकार तिथून येतो. तो चोरून आणल्यासारखा वागवू नका, प्रस्तावनेत उघड सांगा.

जिभेवरच्या चवीबद्दल आणखी एक सांगते. जाफरींनी बालपणावर लिहिलेल्या आठवणींत शाळेच्या डब्यांचं वर्णन आहे. हिंदू, मुसलमान, जैन, शीख मुली एकत्र बसून डबे वाटून खायच्या. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या निर्वासितांनी तंदूर आणला आणि दिल्लीचं बाहेरचं खाणं बघता बघता कसं बदललं, हे त्यांनी कोवळ्या वयात पाहिलं. म्हणजे स्वतः देश सोडायच्या आधी त्यांनी दुसऱ्यांच्या विस्थापनाची चव घेतली होती. तुमच्याकडेही असं काही असणार. शेजारच्या सीकेपी काकूंचं निनावं, शाळेतल्या मैत्रिणीच्या डब्यातली शेंगदाण्याची सुकी चटणी, कोकणातून मे महिन्यात आलेली आंब्याची साठं. 'आमच्या घरचं' एवढ्यापुरतंच पुस्तक ठेवलंत तर या गोष्टी सुटतील.

आता नशिबाचं. एक घटना खरोखर नशिबाची म्हणता येईल. जाफरी १९५७ला अमेरिकेत आल्या, अभिनेते सईद जाफरींशी लग्न झालं, तीन मुली झाल्या, लग्न टिकलं नाही. इस्माईल मर्चंट हा मुंबईचा तरुण निर्माता आणि अमेरिकन दिग्दर्शक जेम्स आयव्हरी यांची भेट याच दांपत्यामुळे झाली आणि त्या दोघांच्या १९६५च्या 'शेक्सपिअरवाला' चित्रपटासाठी मधुर जाफरींना बर्लिनच्या महोत्सवात उत्कृष्ट अभिनेत्रीचं रौप्य अस्वल (सिल्व्हर बेअर) हे पारितोषिक मिळालं. पुढच्या वर्षी चित्रपटाची चर्चा व्हावी म्हणून मर्चंट यांनी खटपट केली आणि 'न्यूयॉर्क टाइम्स'चे अन्नविषयक संपादक क्रेग क्लेबर्न यांनी मधुर जाफरींवर लेख लिहिला: ही अभिनेत्री स्वयंपाकही उत्तम करते. त्या लेखानंतर त्यांच्याकडे पाककृतींचं पुस्तक मागितलं गेलं.

लेख १९६६चा आहे. पुस्तक, 'अॅन इन्व्हिटेशन टू इंडियन कुकिंग', आलं १९७३ साली. मधली सात वर्षं कुणी सांगत नाही, कारण त्यात सांगण्यासारखं नाट्य नाही. त्या वर्षांत त्या अमेरिकन स्वयंपाकघरात, अमेरिकन दुकानात मिळणाऱ्या भाज्या आणि मांस वापरून, एकेक पदार्थ पुन्हा पुन्हा करत होत्या. शिवाय नाटकातली कामं शोधणं, मुली वाढवणं, मासिकांत लेख लिहिणं चालूच होतं. आधी ठरलेल्या प्रकाशकानं अंग काढून घेतल्यावर हस्तलिखित नॉफ प्रकाशनाच्या ज्युडिथ जोन्स यांच्याकडे गेलं. ज्यूलिया चाइल्ड यांचं फ्रेंच पाककृतींचं गाजलेलं पुस्तक याच संपादिकेनं १९६१ला काढलं होतं. तिला परक्या स्वयंपाकाचं पुस्तक कसं असावं हे कळत होतं: वाचणारी बाई ओहायोत एकटी उभी आहे, तिनं हा पदार्थ कधी खाल्लेला नाही, तिच्या शेजारी विचारायला कुणी नाही, आणि तरी तो तिला पहिल्या खेपेत जमला पाहिजे.

हे वाक्य कागदावर लिहून फ्रिजला लावा. पुस्तकातल्या वर्णनांपेक्षा जास्त श्रम यात जातात. माझ्या अनुभवातल्या काही गोष्टी सांगते, म्हणजे कशाकशाची तयारी ठेवायची ते कळेल.

वाटी हे माप घरापुरतं असतं. माझ्या कपाटात १२० मिलिलिटरपासून २०० मिलिलिटरपर्यंतच्या वाट्या आहेत आणि त्या सगळ्यांना आम्ही 'आमटीची वाटी'च म्हणतो. अमेरिकन कप साधारण २४० मिलिलिटरचा. चमच्याचंही तसंच, अमेरिकेतला मोठा चमचा १५ मिलिलिटरचा तर ऑस्ट्रेलियातला २०चा. म्हणून सगळं आधी ग्रॅममध्ये मोजा, मग कपात बसवा. 'एक मोठा कांदा' असं कधीच लिहू नका. पुण्यातला मोठा कांदा १०० ग्रॅमचा, तुमच्या दुकानातला पिवळा कांदा ३०० ग्रॅमचाही असतो. तीनपट कांद्यानं रस्सा गोड होतो आणि वाचणारी तुम्हाला दोष देते, ते रास्तच आहे. मिठाचं बघा: तिकडच्या स्वयंपाकघरांत जे जाड खड्यांचं मीठ वापरतात त्याचा चमचा बारीक मिठाच्या चमच्याच्या जवळपास निम्म्या वजनाचाही भरू शकतो. कुठलं मीठ ते लिहावंच लागतं.

विजेची शेगडी असेल तर फोडणी हमखास जळते. आपण गॅस बंद करतो तेव्हा आच तिथेच संपते. विजेची गुंडाळी बंद केल्यावरही कितीतरी वेळ लाल राहते आणि मोहरी तडतडून हिंग-हळद घालेपर्यंत तळाचं तेल आणखी तापतं. 'फोडणी झाली की भांडं शेगडीवरून उचलून बाजूला ठेवा', हे एक वाक्य मी न्यू जर्सीत आल्यावर तिसऱ्या महिन्यात लिहिलं, आणि त्या वाक्यासाठी मला अडीच महिने काळी हळद खावी लागली. मोदकांची उकड तिकडच्या साध्या दुकानातल्या तांदळाच्या पिठाची केलीत तर पारी फाटते. ते पीठ बहुधा लांब, मोकळ्या दाण्याच्या तांदळाचं असतं, आणि आपल्याला चिकटपणा हवा असतो, आंबेमोहरसारखा. कढीला तिकडचं घट्ट चक्क्यासारखं दही घेतलंत तर पाण्याचं प्रमाण सगळं बदलतं. कणकेचंही असंच. आपलं जात्यावरचं पीठ पाणी जास्त पितं, तिकडच्या कारखान्यातल्या गव्हाच्या पिठाला तेवढं पाणी घातलं तर चिखल होतो. डब्यातल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, हे ज्यांना गहू चालत नाही अशांसाठी लिहिणं तुमची जबाबदारी आहे.

यातलं काही आईला माहीत असणार नाही. आईच्या फोनमधून पदार्थ मिळतो, त्याचं परदेशातलं रूप तुम्हालाच शोधावं लागतं. तुमच्या पुस्तकातला तुमचा स्वतःचा वाटा तोच.

जाफरींच्याच काळातली, पाककृतींवर लिहिणारी आणखी एक बाई मला फार जवळची वाटते. क्लॉडिया रोडेन, जन्म १९३६, कैरो. घराणं मूळचं सीरियातल्या अलेप्पोचं, ज्यू. त्या पॅरिसमध्ये शिकल्या, मग चित्रकला शिकायला लंडनला आल्या. १९५६च्या सुएझच्या युद्धानंतर इजिप्तमधल्या ज्यूंना देश सोडावा लागला. लंडनमधून जाणारे-येणारे नातेवाईक, ओळखीचे एकमेकांना भेटत आणि पुन्हा कधी भेट होईल न होईल म्हणून पाककृती मागून घेत. छापलेली पुस्तकं जवळजवळ नव्हतीच, पदार्थ माणसांबरोबर हिंडत होते. रोडेन यांनी ते उतरवून घेतले. वाचनालयात जाऊन तेराव्या शतकातल्या बगदादच्या पाककृतींचं इंग्रजी भाषांतर धुंडाळलं आणि आजीचा पदार्थ सातशे वर्षांपूर्वीच्या कृतीशी ताडून पाहिला. त्यांचं मध्यपूर्वेच्या जेवणावरचं पुस्तक १९६८ला आलं. ज्यू लोकांच्या जेवणावरच्या पुढच्या मोठ्या पुस्तकाला त्यांनी दीड दशक दिलं, ते १९९६ला आलं.

तुमच्यावर असं संकट ओढवलेलं नाही, तुम्ही डिसेंबरात तिकीट काढून आईकडे जाऊ शकता. पण रोडेन यांची पद्धत उचला. एकाच आईवर थांबू नका. डेट्रॉइटच्या आसपास मराठी मंडळात सत्तरी-ऐंशीच्या बायका आहेत, साठ-सत्तरच्या दशकात आलेल्या, ज्यांनी गोडा मसाला संपल्यावर काय काय केलं ते कुणी विचारलेलं नाही. कुणी दगडफुलाशिवाय मसाला केला असेल, कुणी भारतातून येणाऱ्या प्रत्येकाच्या सामानात अर्धा किलो कोंबला असेल. त्यांच्याकडे 'रुचिरा'च्या तेलकट प्रती असतील. कमलाबाई ओगल्यांचं ते पुस्तक १९७०चं, जाफरींच्या पुस्तकाआधी तीन वर्षांचं. त्या प्रतींच्या समासात पेन्सिलीनं लिहिलेलं वाचा. 'साखर निम्मी', 'इथल्या मैद्याला मोहन कमी'. परदेशातल्या मराठी स्वयंपाकाचा इतिहास त्या समासांत आहे, आणि त्या बायका आहेत तोवरच त्याचा अर्थ लावून घेता येईल. हे काम तुम्ही केलंत तर मी तुमची ऋणी राहीन.

पैशांचं पटकन सांगते. पुस्तकावर पोट चालत नाही. जाफरी अभिनय करत राहिल्या, लेख लिहिले, स्वयंपाकाचे वर्ग घेतले, न्यूयॉर्कमधल्या 'दावत' रेस्टॉरंटच्या सल्लागार झाल्या. मोठं वळण आलं ते १९८२ला, बीबीसीवरच्या मालिकेमुळे. एका भागात त्यांनी लिंबू-कोथिंबीर घातलेली कोंबडी करून दाखवली आणि दुसऱ्या दिवशी मँचेस्टरमधली कोथिंबीर संपली, हा किस्सा प्रसिद्ध आहे. तेव्हा त्या पन्नाशीला आल्या होत्या आणि पहिल्या पुस्तकाला नऊ वर्षं झाली होती. कॅमेऱ्यासमोरची सहजता लंडनच्या नाट्यशिक्षणातून आलेली होती, म्हणजे स्वयंपाकाशी संबंध नसलेलं शिक्षणही पंचवीस वर्षांनी कामाला आलं. तुम्ही आज ज्या नोकरीत आहात किंवा जे शिकलात ते टाकू नका. आणि एक अगदी व्यवहाराचं: तुम्ही नवऱ्याच्या व्हिसावर, एच-४वर असाल आणि काम करायची वेगळी परवानगी नसेल, तर लेखाचं मानधन किंवा वर्गाची फी घेण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. माझ्या ओळखीच्या एका मुलीनं विचारलं नव्हतं, तिला फार मनस्ताप झाला.

आता फोडणी.

जाफरींनी पहिल्या पुस्तकात 'करी' या शब्दावर कडक टीका केली होती. चॉप सुई (अमेरिकेतल्या चिनी हॉटेलांतला एक सरधोपट पदार्थ) या शब्दानं चिनी स्वयंपाकाचं जे केलं तेच करी या शब्दानं भारताच्या थोर स्वयंपाकाचं केलं, असा त्यांचा मुद्दा होता. तो बरोबरच होता. खिमा, कोरमा, रसम, कालवण सगळं एका डब्यात कोंबणारा शब्द तो. पण २००३ साली त्यांच्याच एका जाडजूड पुस्तकाच्या नावात 'करी' हा शब्द आला. त्या पुस्तकात भारतीय मजुरांबरोबर, व्यापाऱ्यांबरोबर जगभर पसरलेले पदार्थ आहेत, त्रिनिदादचे, दक्षिण आफ्रिकेतले, मलेशियातले. काहींना यात माघार दिसते. मला वाटतं, तीस वर्षांत त्यांची नजर दिल्लीच्या घरावरून स्थलांतर केलेल्या सगळ्या माणसांवर गेली, आणि त्या माणसांनी तो शब्द स्वतःचा करून घेतलेला होता. शब्द कुणाच्या तोंडी आहे यावर त्याची किंमत ठरते.

माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही, त्यांच्या वाचकांबद्दल थोडी आहे. पहिल्या पुस्तकाचा भर दिल्ली आणि आसपासच्या जेवणावर होता, पण इंग्रजी वाचणाऱ्या जगानं बराच काळ तेच 'भारतीय' मानलं. आपली आमटी, पिठलं, थालीपीठ, भरली वांगी, सोलकढी त्या चित्रात उशिरा आणि कोपऱ्यात आली. यासाठीच तुमचं पुस्तक हवंय, आणि त्यात शब्द आपले हवेत.

बुवेइ यांग चाओ नावाच्या एका चिनी डॉक्टरीण बाईंनी अमेरिकेत १९४५ला चिनी स्वयंपाकाचं पुस्तक काढलं. मूळ मजकूर त्यांचा, इंग्रजी मुलीचं, त्यावर भाषाशास्त्रज्ञ नवऱ्याचा हात. मोठ्या आचेवर सतत हलवत परतायच्या चिनी क्रियेला इंग्रजीत शब्द नव्हता, म्हणून त्यांनी 'स्टर-फ्राय' हा शब्द घडवला. आज तो कुठल्याही इंग्रजी शब्दकोशात आहे आणि तो एका घरातून आला हे कुणाच्या ध्यानातही नाही.

आपल्याकडे क्रियापदांची केवढी श्रीमंती आहे. भाजणं, परतणं, तळणं, शेकणं, उकडणं, शिजवणं, वाफवणं, आटवणं, आधण ठेवणं, मुरवणं, वैरणं. पिठलं ढवळतात, पण पीठ वैरतात. इंग्रजीत यातल्या निम्म्यांना एकच शब्द वापरून लेखिका मोकळ्या होतात आणि पदार्थ तिथेच बिघडतो. 'रवा भाजा' याचं भाषांतर 'रवा तळा' असं झालेलं हस्तलिखित माझ्याकडे आलं होतं, त्याप्रमाणे केलेला शिरा तेलात पोहत होता. तुमच्या पुस्तकात असे दहा-बारा शब्द मराठीच ठेवा. प्रत्येकाचं वर्णन एकदाच, नीट, डोळ्यांना काय दिसतं, कानाला काय ऐकू येतं, नाकाला काय कळतं अशा भाषेत करा. फोडणी म्हणजे तेल तापलं, एक मोहरी टाकून बघितली, ती लगेच तडतडली, मग उरलेली घातली, तडतड मंदावू लागताच जिरं, हिंग, शेवटी हळद, आणि लागलीच डाळ किंवा भाजी, म्हणजे हळद जळत नाही. एवढं एकदा लिहिलंत की पुढे दोनशे पानं नुसतं 'फोडणी' लिहा. तिरप्या अक्षरांत नको. मागे शब्दार्थांची यादी हवी असेल तर असू द्या.

पहिला पदार्थ म्हणून चिंचगुळाची आमटी घ्या. ती रोजची आहे, चुकली तर लगेच कळते, आणि आईनं ती कधीच मोजून केलेली नाही. तीन वेगवेगळ्या दिवशी करा, प्रत्येक वेळी चिंचेचा कोळ आणि गूळ ग्रॅममध्ये लिहा, मग कृती अशा मैत्रिणीला द्या जिनं आमटी कधी खाल्लेली नाही, आणि ती करत असताना तिच्या स्वयंपाकघरात गप्प उभ्या राहा. ती जिथे थांबून तुमच्याकडे बघेल तिथे कृतीत एक वाक्य कमी आहे. आईला फोन मात्र ती डाळ धुवायला घेते त्या वेळी लावा, तिच्या सकाळी दहाला, म्हणजे तुमच्या रात्री. आणि या डिसेंबरात जाल तेव्हा तिच्या ओट्यावर एक छोटा तराजू ठेवून या.